दोन अर्ज, एकच पत्र

डॉ. नंदिनी गजभियेने गेल्या वर्षी जी लबाडी केली, ती नागपुरातल्या तिच्या निम्म्या डॉक्टर मैत्रिणींनी केलेली आहे. फरक इतकाच, की ही सापडली.

नंदिनी बालरोगतज्ज्ञ. नवजात बाळांच्या कक्षात तिने बरीच वर्षं काढली. बाळ निळं पडायचं, दोष हृदयात निघायचा आणि हृदयाचा डॉक्टर येईपर्यंत वेळ हातून जायचा. हे तिला सहन होत नव्हतं. म्हणून पुढे फेलोशिप करायची ठरवली. नवजात शिशूंची नाहीतर बालहृदयरोगाची, जी मिळेल ती. दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात दोन्ही विभाग होते, तिने दोन्हीकडे अर्ज टाकले. एका वरिष्ठांनी कानमंत्र दिला होता, "दोन्हीकडे लिही, हेच माझं एकमेव स्वप्न. दुसऱ्या अर्जाबद्दल चकार शब्द काढू नकोस." हिने तसंच लिहिलं. आता ते दोन विभागप्रमुख रोज एकाच टेबलावर डबा खातात, हे नागपुरात बसून कोणाला कळणार? दोन एकमेव स्वप्नं तिथे शेजारी शेजारी ठेवली गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

यंदा ती चौतीस वर्षांची झाली. पस्तीस पूर्ण झाली की तिथे अर्ज घेत नाहीत. म्हणजे ही शेवटची संधी.

तिचे वडील मारोतराव कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या लिलावात बोली पुकारतात. लेक तीन दिवस संगणकासमोर कपाळाला हात लावून बसलेली पाहून त्यांनी विचारलं, "काहून अशी बसून राहिली वं?"

"बाबा, यंदा एकालेच लिहू, का दोघायले?"

"दोघायले लिही न. संत्र्याचा ढीग एकच राहते, बोली दहा जण लावते. मी काय एकेकाच्या कानात सांगतो का, का हा ढीग तुह्यासाठीच आणला म्हणून? उघडा ठेवतो. ज्याले पाहिजे तो घेते."

"अन् कोणीच नाही घेतला त मंग?"

"त मंग नाही घेतला. पण खोटा माल म्हणून कोणी परत नाही करत."

नंदिनीने जुनी दोन्ही पत्रं पुसून टाकली आणि एकच पत्र लिहिलं. गेल्या वर्षी मी दोघांशीही खोटं बोलले, असं पहिल्याच ओळीत. खाली दोन्ही विभागांची नावं. वरिष्ठांनी ते वाचून कपाळावर हात मारला. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास," म्हणाले.

मुलाखतीला दोन्ही प्रमुख एकत्रच बसले होते. नवजात विभागाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहत सरळ विचारलं, "दोन डगरींवर हात ठेवताय. खरा जीव कशात आहे?"

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. नंदिनी म्हणाली, "हृदयात दोष घेऊन जन्मलेल्या बाळात, मॅडम. ते बाळ तुम्ही दोघांनी वाटून घेतलेलं नसतं."

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली, ती पाऊण तास थांबली नाही. निळ्या पडलेल्या बाळांनी वर्षानुवर्षं जे शिकवलं होतं, ते ती धडाधड सांगत गेली.

आठवड्याने दोन पत्रं आली. दोन्हीकडे निवड! मारोतरावांनी चालू लिलाव थांबवून अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं, "माह्या पोरीले दोघाईनं मागितलं गा!" आणि बापमाणूस तिथेच डोळे पुसत उभा राहिला.

नंदिनीने हृदय निवडलं. नवजात विभागाच्या बाईंना तिने स्वतःच नकार लिहून कळवला. दहा मिनिटांत बाईंचं उत्तर आलं: "हृदयाचं जरूर शिका. मात्र रोज सकाळचा पहिला राउंड माझ्यासोबत. तुमची ती बाळं माझ्याच कक्षात असतात."

नंदिनीने ते उत्तर तीनदा वाचलं, ढसाढसा रडली आणि बॅग भरायला घेतली.