कावळ्याला दिलेला शब्द

एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी सुमन गेली. तेव्हापासून इंदापूरच्या आमच्या घरात चहाचा वास येतो, पण हाक येत नाही.

भूगोल शिकवण्यात तिची तीस वर्षे गेली. दक्षिण अमेरिकेचा नकाशा ती पुस्तक न उघडता फळ्यावर काढी. निवृत्तीनंतर तिने एकच हट्ट धरला. इक्वेडोरच्या डोंगरात, उष्ण झऱ्यांच्या काठी एक आरोग्यधाम आहे, तिथे दोघांनी दहा दिवस राहायचे. मी ग्रंथपाल, जग पुस्तकातच बरे दिसते असे मानणारा. दर वर्षी म्हणत राहिलो, पुढच्या वर्षी बघू. ‘पुढचे वर्ष’ हा किती सोयीचा देश! तिथे जायला व्हिसा लागत नाही.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. लिंबाच्या फांदीवरून तो आमच्याकडे परीक्षकासारखा बघत राहिला. नातलगांनी वचने दिली: लेकीचे बाळंतपण नीट करू, कुंड्यांना पाणी घालू, दाजींना, म्हणजे मला, गोळ्या वेळेवर देऊ. कावळा ढिम्म. तिची इच्छा मला ठाऊक होती. पण पक्ष्याशी बोलणे माझ्या वाचनाला शोभेना, म्हणून ओठ मिटून उभा राहिलो. शेवटी तिचे धाकटे भाऊ, लासुर्ण्याचे तात्या, उन्हाने वैतागून पुढे झाले. हात जोडून म्हणाले, “आक्का, दाजींला घिऊन मी सोता इक्वेडोरला जातो. आता शीव.”

आणि कावळा उतरला!

माणसाला दिलेला शब्द मोडता येतो. कावळ्याला दिलेला कसा मोडावा? तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. लेकीने आरोग्यधामाचा दोघांसाठीचा अर्ज छापून पाठवला, तो मी तात्यांच्या ओसरीवर बसून त्यांना मराठीत सांगू लागलो. मीठ नाही, तेल नाही, झोपायचे जमिनीवर. तात्या म्हणाले, “दाजी, हे समदं आपण सुतकात फुकाट केलं की.” आपल्याला कशाचे भय वाटते, या प्रश्नापुढे त्यांनी उसातला बिबट्या लिहायला लावला. तीन दिवसांचे मौन ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या पत्नीने मात्र आतून विचारले, की ते वाढवून मिळते का.

कितीतरी दिवसांनी मी हसलो, आणि हसता हसता लाजलो. शोक सातासमुद्रापलीकडे नेला म्हणजे तो हलका होतो का? मला माहीत नाही. एवढेच कळते, की घाटावर जे मी म्हणायला हवे होते, ते या माणसाने म्हटले होते.

अर्जात शेवटचा प्रश्न होता: इथे येण्याची इच्छा कोणाची? मी वाचून दाखवला.

“हितं माझं काय घालू नका,” तात्या म्हणाले. “हितं तुमीच लिवा.”

मी सुमनचे नाव लिहिले. खाली माझी सही केली.

मार्चमध्ये निघायचे आहे. ती नाही. मी आहे, तात्या आहेत.