‘झालं’चा डबा

मी तोंडाची फटकळ आहे, हे आमच्या शाळेत शिपायांपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. नारायण पेठेतल्या या शाळेत स्वमग्न मुलांना शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी सगळ्यात जास्त भांडले ती एकाच वाक्यावरून: ‘त्याला काय कळतंय?’ मुलासमोर असं म्हणणाऱ्या आजी-आजोबांना, डॉक्टरांना, एकदा तर स्नेहसंमेलनाच्या अध्यक्षांनाही मी तिथल्या तिथे सुनावलंय. “त्याला कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही. आपलं बरोबर उलटं आहे.” अध्यक्ष पुढच्या वर्षी आले नाहीत.

सातवीच्या वयाची एक मुलगी माझ्या वर्गात आहे. तिला बोलता येत नाही. वडील खडकीला कारखान्यात कामाला, तिथल्याच क्वार्टरमध्ये घर. आई रोज सकाळी स्कूटरवरून सोडायची आणि साडेतीनला न्यायला यायची. सुरुवातीला आई नजरेआड झाली की ही आपलं मनगट चावायची, रक्त येईपर्यंत. समजावून, गोंजारून, ओरडून, सगळं करून झालं. शेवटी मी तिच्यासाठी पट्टी बनवली.

पट्टी म्हणजे पुठ्ठ्याचा लांब तुकडा. त्यावर चित्रांची कार्डं वेलक्रोने चिकटवायची. दिवसभरात जे होणार ते, त्याच क्रमाने. प्रार्थना, मणी ओवणं, डबा, गणित, झोका. एक काम संपलं की तिने ते कार्ड काढायचं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. तो ‘झालं’चा डबा. नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: पट्टीवर आहे ते होणारच, आणि झाल्याशिवाय कार्ड डब्यात जाणार नाही. ऐनवेळी काही बदललंच, तर त्या कार्डावर नारिंगी ‘बदल’ कार्ड लावायचं, तिला दाखवायचं, आणि ती रडली तर रडणं थांबेपर्यंत शेजारी बसायचं.

शेवटचं कार्ड आईचं. त्यासाठी शाळेच्या गेटपाशी मीच तिचा फोटो काढला होता.

“अहो बाई, थांबा, हेल्मेटने केसांचं पार घरटं झालंय. विंचरू तरी द्या.”

“तुमच्या लेकीला केसांशी काही कर्तव्य नाही. हेल्मेट हातात धरा, म्हणजे ओळखेल.”

ती हसली, तेवढ्यात मी फोटो काढून घेतला. त्या फोटोच्या भरवशावर मुलीने तीन वर्षं काढली. मधूनमधून ती पट्टीपाशी यायची, आईच्या कार्डाला बोट लावायची आणि पुढच्या कामाला लागायची. मनगटावरचे व्रण हळूहळू बुजले.

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास तिच्या मावशीचा फोन आला.

“बाई, ताई गेली.”

मुलीला शाळेत सोडून ती घरी पोचली, ओट्यापाशी चक्कर येऊन पडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मावशीला धड बोलता येत नव्हतं.

“तिला साडेतीनपर्यंत तिथंच राहू द्या. इथे माणसं जमलीत, रडारड चाललीय, ती बिथरेल. दोन वाजता ताईला नेणार आहेत. आणि तसंही, तिला काय कळणार?”

ज्या वाक्यावर मी एकोणीस वर्षं तुटून पडत आले, ते माझ्या कानावर पडलं आणि मी म्हणाले, “बरं.”

मुलगी मणी ओवत बसली होती. मी ड्रॉवर उघडून ‘बदल’ कार्ड हातात घेतलं. तिच्यापर्यंत चार पावलं होती. मी कार्ड परत ठेवलं आणि ड्रॉवर लावला. तिला त्रास नको, असं मनाशी म्हटलं. खरं तर भीती मला वाटत होती. तिचं ते रडणं मला ऐकायचं नव्हतं.

दोन वाजता ती झोक्यावर होती. उतरल्यावर तिने झोक्याचं कार्ड डब्यात टाकलं, आईच्या कार्डाला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत. असं ती वर्षातून एखाद्या वेळेस बघते. मी मान डोलावली.

साडेतीनला मावशी रिक्षाने आली. मुलगी कार्ड हातात घेऊन गेटपाशी उभी होती आणि येणारी प्रत्येक स्कूटर निरखत होती. अर्धा तास झाला तरी हलेना. मावशीने हात धरला, तशी तिने मनगट तोंडात घातलं. शेवटी आम्ही दोघींनी तिला उचलून रिक्षात बसवलं. कार्ड तिच्या मुठीतच राहिलं.

तेरावं झाल्यावर वडील तिला शाळेत घेऊन आले. मी पट्टीच्या शेवटी त्यांच्या फोटोचं नवं कार्ड लावलं होतं. तिने ते पाहिलं आणि मुठीतलं आईचं कार्ड त्याच्यापुढे चिकटवलं. दुपारी वडील आले. तिने ‘बाबा’ डब्यात टाकलं आणि आईचं कार्ड घेऊन गेटपाशी जाऊन उभी राहिली. मग हे रोजचंच झालं.

“बाई, ते कार्ड तेवढं काढून घ्या ना तिच्याकडून,” एक दिवस वडील म्हणाले. “मला नाही बघवत.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, “आई वारली. आई आता येणार नाही. मला त्या दिवशी माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. चुकले मी.” ‘बदल’ कार्ड आईच्या कार्डावर लावलं. तिने ते अलगद काढलं आणि माझ्या हातात परत दिलं. मग मी आईचं कार्ड तिच्या हातात ठेवून तिचा हात डब्याकडे नेला. तिने हात सोडवून घेतला आणि डब्याचं झाकण लावलं. घट्ट, चारी बाजूंनी दाबून.

झाल्याशिवाय कार्ड डब्यात जाणार नाही. आई यायची आहे. पट्टीवर होतं, आणि मी मान डोलावली होती.

मी तिथेच बसून रडले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मणी ओवायला घेतले.

आता सकाळी पट्टी लावताना मी शेवटची जागा मोकळी सोडते. तिथलं कार्ड ती स्वतः लावते. मला त्याला हात लावू देत नाही.