फिल्टर कालच बदललाय

सकाळपासून वस्तादांचा पाय एका जागी ठरत नव्हता. गॅरेजच्या या मालकाला सगळे वस्ताद म्हणत, आणि आज त्यांच्याच दारात सख्ख्या धाकट्या भावाचा ट्रक ढिम्म उभा होता. धाकट्याचा हा स्वतःचा पहिला ट्रक. अकराच्या आत तो कारखान्याच्या फाटकावर लागला नाही, तर वर्षभराचं वाहतुकीचं काम दुसऱ्याला जाणार होतं. साडेआठ वाजून गेले होते.

स्टार्टर मारला की इंजिन जोरात फिरे, म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. पण सायलेन्सरमधून धुराची रेघही निघत नव्हती. वस्तादांनी इंजेक्टरच्या नळीचा नट सैल केला, तर डिझेलऐवजी फेस आला. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत होती. एवढं पाच मिनिटांत कळलं, वस्तादांची मान ताठ झाली. पण हवा शिरते कुठून? इथंच घोडं पेंड खात होतं.

त्यांनी टाकी बघितली, नळ्यांवरून बोटं फिरवली, क्लिपा आवळल्या. हातपंप मारून हवा काढली, तर इंजिन मिनिटभर चाललं आणि बसलं. फिल्टर तेवढा बघितला नाही. तो काल संध्याकाळी त्यांनी स्वतः बदलला होता, त्यात काय बघायचं? जगात चुका होतात हे वस्तादांना मान्य होतं, फक्त त्या इतरांकडून होतात असा त्यांचा समज होता. त्यांनी ट्रक विकणाऱ्याचा उद्धार केला, डिझेल भरून देणाऱ्याचा केला, पुन्हा टाकीखाली शिरले, पुन्हा बाहेर आले.

धाकटा बाजूला उभा होता. सहा वर्षं त्यानंही इथंच काम केलं होतं. सांगितलं की स्टार्टर मारायचा, एरवी गप्प. त्या गप्प बसण्यानं वस्ताद जास्तच चिडत होते.

दहा वाजता त्यांनी डिझेलपंप उतरवायला पाना उचलला. पंप उतरवला की दिवस गेला, हे दोघांनाही ठाऊक होतं. पाना नटावर बसला आणि वस्तादांचा हात थांबला. हवा पंपाच्या आधीच शिरत होती, आणि तिथं बघायचं आता एकच उरलं होतं.

फिल्टर खोलला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वरच्या बैठकीला तशीच चिकटून राहिली होती, आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसवला होता. दोन रिंगांच्या फटीतून हवा जात होती. आठवडाभर काम शिकलेला माणूसही ही चूक करत नाही. वस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"सकाळीच दिसल्या रिंगांच्या दोन कडा."

"मग बोलला का नाहीस?"

"मागं गिऱ्हाइकासमोर तुझी चूक दाखवली, तर मला गॅरेजातून काढलंस. दोन वर्षं बोलला नाहीस, दादा." धाकट्यानं हात पुसले. "काम दुसरं मिळेल मला. भाऊ कुठून आणू?"

एक रिंग काढली, हवा काढली, इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. पावणेअकरा झाले होते, कारखाना तासाभराच्या अंतरावर. वस्ताद धाकट्याच्या शेजारी चढून बसले आणि त्याच्याच फोनवरून कारखान्याच्या मुकादमाला सांगू लागले, की ट्रकमध्ये दोष नाही, फिल्टर मी चुकीचा बसवला, तासभर थांबा. मुकादमानं विचारलं, कोण बोलतंय?

"त्याचा भाऊ."

मुकादमानं फोन ठेवून दिला. वस्तादांनी पुन्हा लावला.