अप्पांना कळू नये म्हणून

भवानीबाईंची नोकरी जगावेगळी. चेन्नईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, बरे न होणाऱ्या पेशंटांना विचारायचं की शेवटी तुम्हाला काय हवं, काय नको. दिवसभर तमिळमधून बोलून बोलून घसा सुकायचा. तिरुवल्लिकेणीच्या खोलीवर गेलं की मात्र चिडीचूप. आई होती तोवर घरात तंजावरची मराठी नांदत होती. आई गेली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मराठीचा एक शब्द कानावर नाही.

त्या सोमवारी सेतुमाधवरावांच्या कॉटपाशी त्यांचा मुलगा मुरली आणि सून नित्या उभी होती. मुरलीनं भवानीबाईंना तमिळमध्ये विनवलं, "अप्पांना काही सांगू नका, मॅडम." मग बायकोकडे वळून मराठीत म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. उद्या श्वासाची नळी घालूनच टाकू."

आता काय म्हणावं या शहाण्यांना! दुकानात, बसमध्ये, लोकांना कळू नये म्हणून मराठीत बोलायची जन्माची खोड. ज्यानं ती भाषा शिकवली तोच समोर निजलाय, हे विसरलेच की! अप्पांचे डोळे मिटलेले होते, पण कडेनं पाणी ओघळलं. भवानीबाईंना ते दिसलं.

दोघं कॉफीला गेल्यावर त्या वाकून म्हणाल्या, "अप्पा, मलाही मराठी येते."

अप्पा टकमक बघत राहिले. "सगळं ठाऊक आहे गं मला. पोरांना वाईट वाटेल म्हणून तीन दिवस झोपेचं सोंग करतोय. नळी नको. तंजावरला, आपल्या घरी न्या म्हणावं." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण?"

"कोणी नाही, अप्पा." एवढं साधं भवानीबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

"मग उद्या ये. बोलत बसू."

मुरली परतला, तसं भवानीबाईंनी त्याला मराठीतच सांगितलं, "अप्पांना सगळं कळलंय. त्यांचं ऐका." तो ओशाळला, आणि बापाचा हात धरून ढसाढसा रडला.

मंगळवारी भवानीबाई तासभर लवकर आल्या. डब्यात उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली डांगर पचडी होती, आईच्या हातची असायची तशी. कॉटवर कोरी चादर होती. नर्स खुशीत तमिळमध्ये म्हणाली, "पहाटेच ॲम्ब्युलन्सनं तंजावरला नेलं. जाताना हसत होते हो! तुमच्यामुळे, मॅडम."

दुपारी कँटीनच्या कोपऱ्यात त्यांनी डबा उघडला. पहिल्या घासाला मोठ्यानं म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय, अप्पा."

शेजारच्या टेबलावर कुणी मानही वर केली नाही.