येऊन राहिलो

आमच्या चारुताईंना स्वस्थ बसवायचं औषध अजून कुठल्या डॉक्टरला सापडलेलं नाही. नागपुरात नंदनवन भागात त्यांचं घर आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे. मी शाळेत मराठी शिकवायचे, त्या एसटीत कंडक्टर होत्या. नागपूर ते रामटेक आणि रामटेक ते नागपूर, दिवसातून दोन फेऱ्या. कामठी, कन्हान, मनसर. मग मनसर, कन्हान, कामठी. बावीस वर्षं ही बाई उभ्याने हलत होती. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, हारतुरे झाले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला पाहते तर बाई गल्लीत फेऱ्या मारताहेत.

"काय झालं चारुताई?"

"काई नाई मॅडम. पाय चालून राहिले, मी त्याईच्या मागं मागं."

चहाला बोलावलं तर खुर्चीच्या कडेवर टेकायच्या. कप अर्धा व्हायच्या आत उठून खिडकीचा गज धरून उभ्या राहायच्या आणि उरलेला चहा तिथेच प्यायच्या. मी तशी तापट बाई आहे. एकदा बोललेच, "अहो, माझं घर कुठे जात नाही, बसा की!" त्या हसल्या आणि उभ्याच राहिल्या.

त्यांचे यजमान अंकुशभाऊ म्हणजे अगदी दुसरं टोक. गांधीबागेच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात चौतीस वर्षं गादीवर मांडी घालून बसले. ठाण उलगडायचं, मीटर लावायचा, कापड टर्रकन फाडायचं. आता ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. माणूस बसला की बसला. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, "पाहू." नळाला गळती लागली? पाहू. नंदिनीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, अमरावतीचं स्थळ आलं? पाहू. लग्न होऊन तिला दोन पोरं झाली, तरी यांचं पाहणं संपलं असेल की नाही कोण जाणे.

तर या चारुताईंनी एक दिवस मोबाईलवर अंदमानचा व्हिडिओ पाहिला आणि तशाच चपला न घालता माझ्याकडे धावत आल्या.

"मॅडम, हे पाहा! बसच नावेत चढते!"

खरंच चढत होती. रस्ता खाडीपाशी येऊन संपला होता, तिथे एक रुंद बोट लागली होती आणि प्रवाशांनी भरलेली बस हळूच तिच्यावर चढत होती. पलीकडच्या बेटावर उतरून ती पुन्हा रस्त्याला लागणार, पुढे पुन्हा पाणी, पुन्हा बेट.

"मंग नावेत असताना कंडक्टरनं तिकीट फाडायचं का नाई?" त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं. मला कुठलं ठाऊक असणार!

त्या दिवसापासून त्यांनी ध्यास घेतला. रामटेकला पोचलं की गाडी वळवून परत फिरायचं, एवढाच प्रवास त्यांनी केला होता. आता त्यांना वळवायचं नव्हतं. शाळेची पोरं नेणारी एक जुनी तेरा सीटची गाडी त्यांनी विकत घेतली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या आणि शिकताना माझ्या कुंपणाचा एक खांब पाडला. (तो अजून तसाच आहे.) गल्लीच्या तोंडाशी धम्मानंद मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने सीटा काढल्या, प्लायवूडची झोपायची फळी बसवली, तिच्याखाली पाण्याच्या कॅन, मागच्या दाराशी शेगडीची जागा. अंकुशभाऊंनी खिडक्यांकडे एकदा खुर्चीतूनच पाहिलं, गांधीबागेत गेले आणि पडद्यांचं कापड घेऊन आले. मापात एका बोटाचा फरक नव्हता. चारुताई म्हणाल्या, "सवय आहे त्याईले." आणि कापड माझ्या हातात शिवायला देऊन पुढच्या कामाला पळाल्या.

बेत आखायचा म्हणजे आपण चार ओळी लिहितो. चारुताईंनी एसटीचं वेळापत्रक केलं. पोर्ट ब्लेअर सुटणार सहा वाजता. बाराटांग, रंगत, मायाबंदर, दिगलीपूर. जंगलातून गाड्यांचा ताफा ठरल्या वेळी सुटतो आणि वाटेत कुणालाच थांबता येत नाही, हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. "अशी शिस्त पायजे!" वेळापत्रक सकाळी बनायचं, दुपारी फाटायचं, संध्याकाळी नवं यायचं. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे. शेवटच्या ओळीत दर वेळी असायचं: प्रवासी, दोन.

"अंकुशभाऊ येताहेत का पण?" मी विचारलं.

"येतीन ना. रोज सांगून राहिली मी."

ते सांगणं भिंतीतून मला रोज ऐकू यायचं. "तुमची उशी इकडच्या अंगाले. हे तुमची बॅग. बीपीच्या गोळ्या दोन महिन्याच्या घेऊन ठेवा. लुंगी नका घेऊ तिथं." मध्येच एक "पाहू" ऐकू यायचं, की पुन्हा सांगणं सुरू. असे आठ महिने गेले. 'पाहू' म्हणजे 'नाही', हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं. चारुताईंना कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं. एकदा गज धरून उभ्या असताना म्हणाल्या, "हा माणूस आला नाई ना मॅडम, तर मी तिथं जाऊन कोणासंगं बोलू?" आणि लगेच, "येतीन. सांगतलं आहे मी."

अशा सहली जुळवून देणारं एक ऑफिस पुण्यात आहे. तिथली वैभवी नावाची मुलगी सगळं पाहत होती. गाडी चेन्नईहून मालाच्या जहाजात आणि माणसं दुसऱ्या, प्रवासी जहाजात, असं ठरलं. धम्मानंद गाडी चेन्नईपर्यंत नेऊन पोचवून आला. अंगण रिकामं झालं आणि चारुताईंच्या पायांना आवरच राहिला नाही. गॅस बंद केला का, म्हणून जिन्यावरून तीनदा उतरायच्या. बॅग भरायच्या, रिकामी करायच्या. माझ्याकडे येऊन "काय म्हणत होती मी?" असं मलाच विचारायच्या.

मंगळवारी त्या बँकेत गेल्या आणि फोन चार्जिंगला घरीच राहिला. वैभवीचा फोन आला. तो अंकुशभाऊंनी घेतला. चारुताई परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्या पुण्याच्या पोट्टीचा फोन होता. सांगतलं मी तिले." काय सांगितलं, ते बाईंनी विचारलं नाही. त्या तेव्हा चपलांच्या पिशव्या मोजत होत्या.

गुरुवारी तिकीट आलं. त्यावर नाव एकच. चारुलता.

दोन घरांमधली भिंत त्या दिवशी असून नसल्यासारखी होती. मी उठून गेलेच. चारुताई खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला जात होत्या आणि अंकुशभाऊ खाटेवर बसले होते.

"आठ महिने तोंडावर पाहू पाहू केलं! अन् मी बाहेर गेली तं तिले नाई सांगून टाकलं! मले सांगायचं होतं ना! एवढी भीती वाटते माही?"

"मी कुठी नाई म्हटलं?"

"मंग हे तिकीट खोटं बोलून राहिलं?"

अंकुशभाऊंचा चेहरा उतरला होता. मला त्यांचाच राग आला होता, खरं सांगते. बायको पोळीवर पोळी लाटून वाढावी तशी स्वप्नं वाढते आहे आणि हा गृहस्थ तिच्या पाठीमागे ताट सरकवतो! मी चारुताईंच्या हातातून फोन घेतला, वैभवीला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, पण काकाच म्हणाले ना," ती मुलगी गोंधळली होती. "मी विचारलं, काका, तुम्हीसुद्धा येणार आहात ना? तर ते म्हणाले, येऊन राहिलो. मला वाटलं, ते आधीच एकदा येऊन, तिथे राहून गेलेत. म्हणून मी परत विचारलं, नक्की ना? तर म्हणाले, हो ना बाप्पा, येऊन राहिलो! दुसऱ्या एकांना जागा हवीच होती, मग मी काकांची त्यांना दिली."

मला हसू फुटलं. दुसरं कुणीच हसत नाही हे पाहून मी तोंडावर पदर धरला. तीस वर्षं पोरांच्या वह्यांत मी याच शब्दांखाली लाल रेघ मारत आले. 'जाऊन राहिलो' नाही, 'जात आहे' लिही. 'येऊन राहिलो' नाही, 'येत आहे' लिही. जन्मात एकदा या माणसाने कुणाला 'हो' म्हटलं आणि ते माझ्यासारख्याच कुणाच्या तरी कानांवर पडलं. मला माझीच लाज वाटली.

चारुताई जागच्या जागी थांबल्या होत्या.

"तुमी येऊन राहिले होते?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तू इचारलं कधी वं?" अंकुशभाऊंच्या आवाजात राग नव्हता. "तू सांगत होती. उशी इकडं, बॅग तिकडं. त्या पोट्टीनं इचारलं."

फोनमधून वैभवीचा आवाज आला. या जहाजात आता एकही जागा नाही. काकांसाठी पुढचं पाहावं लागेल, ते तेवीस दिवसांनी. "काकू, तुमचं सोमवारचं कायम ठेवते ना?"

चारुताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "काय करू मी?"

"तू जाय," अंकुशभाऊ म्हणाले. "गाडी तिथं पोचली असन. मी मागून येतो."

चारुताईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "माहं सोमवारचं काढून टाक बाई. दोघाईचं संगंच टाक, तेवीस दिवसानं."

"पण काकू, तुमची गाडी तिकडे नुसतीच उभी राहील."

"राहू दे उभी."

फोन बंद झाला. मी निघायला हवं होतं, पण दारातच घोटाळले. चारुताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"मले वाटत होतं," त्या म्हणाल्या, "तुमाले कुठी जायचंच नसते."

"मले बी तसंच वाटत होतं," अंकुशभाऊ म्हणाले. "तिनं इचारेपर्यंत."