गिरणी बंद करणारी बाई

अकरावीला पुण्यात मी फ्रेंच घेतलं ते निव्वळ मार्क मिळतात म्हणून. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी त्याचसाठी घेतलं होतं. पुढे मी त्यातच पदवीही घेतली, पण दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी रियाधला आले, तेव्हा माझ्या फ्रेंचची गत माळ्यावर टाकलेल्या पितळी भांड्यासारखी झाली होती. होतं चांगलं, पण काढतंय कोण!

काढलं ते एका फ्रेंच कुटुंबानं. उत्तर फ्रान्समध्ये त्यांची लिननच्या कापडाची गिरणी होती, पिढ्यानपिढ्या चाललेली. ती बंद झाल्यावर उरलेला पैसा कोणी आपापल्या घरी नेला नाही. सगळा एकत्र ठेवला आणि दुसऱ्यांच्या घरच्या धंद्यांत गुंतवायला लागले. अख्खा धंदा कधी विकत घ्यायचा नाही, थोडा हिस्सा घ्यायचा आणि मग वर्षानुवर्षं तिथून हलायचं नाही, ही त्यांची रीत. चुलत, आते, मामे, मावस मिळून गोतावळा इतका मोठा की वर्षातून एकदा भेटायला गावातल्या शाळेचं सभागृह घ्यावं लागे. लेकी-सुनांनाही मत असे. हे ऐकून मी थक्क झाले. माझ्या माहेरी तीन भावांत मिळून एक दुकान होतं. वाटणीच्या दिवशी पाटी कुणी न्यायची यावरून दोन काका एकमेकांशी बोलायचे बंद झाले, ते आजतागायत.

तर या कुटुंबाला सौदीतल्याच बुरैदा गावातल्या एका खजुराच्या कारखान्यात हिस्सा घ्यायचा होता. नवऱ्याच्या जोडीनं तो उभा करणाऱ्या बाई आता विधवा होत्या. मुलांना नवी यंत्रं हवी होती, परदेशी गिऱ्हाईक हवं होतं. पण आईच्या सहीवाचून पान हलत नव्हतं. बाईंचा जीव अडकला होता तो खजूर निवडायच्या शेडमध्ये. तिथे सगळ्या बायकाच होत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. परक्यांचा पैसा आला की एक दिवस ही शेड जाणार आणि या बायका रस्त्यावर येणार, ही बाईंची भीती. त्या परपुरुषासमोर बसत नसत. म्हणून फ्रेंच कुटुंबातली सगळ्यात वडीलधारी बाई स्वतः आली. सत्तरी ओलांडलेली. तिला सगळे मादाम म्हणत. तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि यायला हवं होतं असंही काही तिला वाटत नव्हतं.

तिची दुभाषी म्हणून त्यांनी मला बोलावलं, पण मी एकटीनं जायची सोय नव्हती. महरम, म्हणजे घरचा पुरुष, सोबत हवा. नवऱ्यानं कुरकुरत रजा टाकली. "तुझ्या मीटिंगला मी बॉडीगार्ड! एवढंच राहिलं होतं," म्हणाला.

वाटेत मादामच्या पुतण्यानं मला फ्रेंचमध्ये बजावलं. गुंतवणुकीचा कारभार तो बघायचा. "गिरणीचा विषय निघाला तर 'आम्ही व्यवसायाची दिशा बदलली' इतकंच म्हणायचं." मादाम खिडकीबाहेर बघत होती.

बायकांच्या बैठकीत गालिचे अंथरलेले, वेलदोड्याचा घमघमता काहवा, म्हणजे अरबी कॉफी. मालकीणबाईंची लेक शाळेत शिकवायची. आईचं अरबी ती इंग्रजीत सांगायची, मी ते फ्रेंचमध्ये. आधी तब्येतीची चौकशी झाली, मग मुलाबाळांची, मग पुन्हा तब्येतीची. नफ्यातोट्याचं कुणी नावही काढलं नाही. मग मालकीणबाईंनी सरळ विचारलं, "तुमची गिरणी कुणी बंद केली?"

पुतण्याचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण मादामच आधी बोलली.

"मी. वडील म्हणाले, कुणीतरी जाऊन कामगारांना सांगा. भाऊ जाईनात, तेव्हा मी गेले. मागांच्या मध्ये उभी राहून सांगितलं. एका बाईनं विचारलं, 'उद्या सकाळी उठून मी कुठे जाऊ?' तो प्रश्न मी अजून वाहतेय."

शब्दाला शब्द ठेवून मी ते इंग्रजीत सांगितलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "माझी शेडही कधीतरी बंद होईल. माझे मुलगे करतील, नाहीतर तुमचे. त्या दिवशी माझ्या बायकांकडे नुसता कागद येणार, की माणूस?"

"मी येईन," मादाम म्हणाली.

बाई हसल्या. "तोवर तू आणि मी मातीखाली असू. तेव्हा जी येणार तिचं तोंड मला आत्ता दाखव."

"पुढच्या हंगामात आणते."

बाहेर आल्यावर पुतण्याला हे सांगताना मला धडकी भरली होती. आता हा चिडणार, तारखा मोजून दाखवणार. त्यानं नुसती मान हलवली. नंतर तिकडे फ्रान्समध्ये शाळेच्या सभागृहात सगळ्यांनी हात वर करून थांबायचं ठरवलं. एवढा मोठा व्यवहार एका मुलीचं तोंड दाखवण्यासाठी वर्षभर थांबला! मी अशी माणसं पाहिली नव्हती, आणि आपल्याला ती पाहायला मिळाली याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. त्या दिवशी नवरा पुरुषांच्या बैठकीतून तुडुंब जेवून, काखेत सुक्करी खजुराचा डबा घेऊन आला. "पुढच्या वर्षीची रजा आत्ताच टाकून ठेवतो," म्हणाला.

पुढच्या हंगामात मादाम नातीला घेऊन आली. ती स्वतः आता काठी टेकत चालत होती. नात कॉलेजात शिकणारी, काडीसारखी, अबायात पाय अडकून दोनदा धडपडलेली. पुतण्यानं गाडीतच तिला पढवलं होतं, "विचारलं की म्हणायचं, हो, मी येईन."

या वेळी मालकीणबाई आम्हाला थेट शेडमध्ये घेऊन गेल्या. ओळीनं बसलेल्या बायका खजूर निवडत होत्या. पोरीला बघून त्यांच्यात खसखस पिकली, त्यांनी तिच्या ओंजळीत खजूर कोंबले. एकीचं तान्हं पोर रिकाम्या खोक्यात झोपलं होतं. तिथेच उभ्याउभ्या बाईंनी विचारलं, "शेड बंद करायची वेळ आली तर तू स्वतः येऊन यांना सांगशील?"

पोरीनं त्या बायकांकडे पाहिलं, खोक्यातल्या पोराकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"मला जमेल असं वाटत नाही," ती फ्रेंचमध्ये पुटपुटली.

झालं! खलास! "हो म्हणतेय" असं मी म्हटलं असतं तर मालकीणबाईंना कळलंही नसतं. मादामनं माझ्याकडे पाहिलं. मी जसंच्या तसं सांगितलं. लेकीनं ते अरबीत सांगितलं.

मालकीणबाईंनी पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "हिला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणजे हिला कळलंय. हीच येईल." मग त्यांनी लेकीला पुरुषांच्या बाजूला पिटाळून कागद मागवले आणि खजुराच्या खोक्यावर ठेवून सही केली.

सही करून त्या मादामकडे वळल्या आणि काहीतरी हळू बोलल्या. लेकीनं मला सांगितलं, मी मादामला. "त्या म्हणतायत, इतकी वर्षं ते ओझं वाहिलंस, आता खाली ठेव."

काठी बाजूला टाकून मादाम एका खोक्यावर बसली आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडायला लागली. आजीला असं रडताना नातीनं कधी पाहिलं नसावं. ती जागच्या जागी थिजली. निवडणाऱ्यांतली एक बाई उठली, चिकट हात कपड्यांना पुसत मादामच्या शेजारी येऊन बसली आणि तिचा हात धरून बसून राहिली.