कॉम्प्युटरवाल्या काकांची खूण

मुलुंडच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर मी अजून बसते ती कॉम्प्युटरवाल्या काकांमुळे, हे आधी सांगते. झालं काय ते नंतर. काकांइतका संशयी माणूस मी आजवर पाहिलेला नाही. घरची बेल वाजली की ते दाराआडून "कोण?" विचारतात, आणि काकूंनी "मी" म्हटलं तर "मी म्हणजे कोण?" असंही विचारतात, अशी काकूंचीच तक्रार आहे.

काका मूळचे मालवणकडचे. कुठल्याशा ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळून निवृत्त झाले आणि आता आमच्या लॅबचं सॉफ्टवेअर राखायला येतात. त्यात कुणाची साखर, कुणाचं थायरॉइड, कुणाचं घरच्यांनाही न सांगितलेलं दुखणं, सगळं भरलेलं असतं. चोर लांबूनच आत शिरतो, सगळ्याला कुलूप घालतो आणि किल्लीचे पैसे मागतो. तोवर पेशंट रिपोर्टशिवाय ऑपरेशन टेबलावर, असं काका समजावतात. त्यामुळे पेन ड्राइव्ह दिसला की ते तो वापरलेल्या कापसासारखा चिमट्याने उचलतात. आमच्या टेक्निशियन ताईंनी एकदा बहिणीच्या हळदीचे फोटो दाखवायला पेन ड्राइव्ह आणला, तर तो सरळ कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेला. ताई दोन आठवडे त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्याच ताईंनी पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवून ठेवला होता, तोही काकांनी नुसत्या बोटाने चाचपून काढला. बॅकअपची डिस्क ते लॅबमध्ये ठेवत नाहीत, रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घालून घरी नेतात. एकदा काकूंनी डबा घासायला घेतला आणि समस्त मुलुंडचे रिपोर्ट नळाखाली जाता जाता वाचले.

पण त्यांचा खरा जीव खुणेत. फोनवरून कुणी पासवर्ड किंवा रिपोर्ट मागितला, तर त्याने आपली ठरलेली खूण सांगायची. नाही सांगितली तर फोन ठेवायचा, मग तो कुणीही असो. सराव म्हणून काका स्वतःच आवाज बदलून फोन करायचे, "हम कंपनी से बोलता हय, पासवर्ड बोलो." तिसऱ्या शब्दाला मालवण ऐकू यायचं. मी हसले की रागवायचे. "हसतंस काय गो? चोर काय रडत येतलो?"

मी वणीकडची, आठवीत शाळा सुटलेली. इथे माझं कुणी नाही. नोकरी गेली तर खोली जाते, आणि खोली गेली तर गाडीत बसून परत गावी, हे मी रोज मनात म्हणूनच काउंटर पुसते. त्यात एका रविवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आमच्या लॅबचे मालक डॉक्टर घरच्यांना घेऊन मनोरीला गेले होते. त्यांचा मोबाइल जेट्टीवर पाण्यात पडला, म्हणून ते तिथल्या रखवालदाराच्या फोनवरून बोलत होते. कुणा ओळखीच्यांचा रिपोर्ट त्याच नंबरवर पाठव म्हणाले.

मी म्हटलं, "सर, खूण सांगा."

"कसली खूण? अगं, मी डॉक्टर बोलतोय. आवाज ओळखत नाहीस?"

"ओळखते सर. पण खूण?"

त्यांना ती आठवेना. ते ओरडले. तरी मी फोन ठेवला.

सोमवारी ते आले ते "उद्यापासून येऊ नकोस" म्हणतच. मी पर्स घेऊन उभीच राहिले. तेवढ्यात काका आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डब्यातली डिस्क काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, आवाज आता मशीनपण काढतं. तुमचं तुम्हाला आठवलं नाही, तर तिने ओळखायचं कशावरून? नियम माझा आहे. काढायचं तर आधी मला काढा."

डॉक्टरांनी डिस्क परत काकांकडे सरकवली. मग हळूच म्हणाले, "काय होती हो माझी खूण?"

"ती नाय सांगूचंय. नवीन ठरवा," काका म्हणाले आणि मला म्हणाले, "पर्स ठेव गो."

हल्ली काका कमी येतात. मागच्या महिन्यात दुपारी त्यांचा घरून फोन आला, पासवर्ड हवा होता. मी खूण विचारली. पलीकडे कुकरच्या शिट्टीआडून काका शब्द चाचपू लागले.

"समुद्रातला काय तरी होता गो," ते म्हणाले. शब्द माझ्या जिभेवर होता. ते त्यांना कळलं असावं. "सांगू नको. माका नाय आठवला तर मी कोणीच नाय. ठेव फोन."

मी ठेवला. त्या दिवशी बॅकअप ताईंनी घेतला.

काकांची ती खूण आता बदलली आहे, म्हणून सांगायला हरकत नाही: तिसऱ्यांची एकशिपी. आमच्या वणीला समुद्र नाही; तिसरी म्हणजे खाण्याचं शिंपलं, हेही मला ठाऊक नव्हतं. बाजारातल्या मासेवाल्या मावशींकडून आता एकशिपी करायला शिकते आहे, तिसरी विळीवर उघडायची आणि मांस एकाच शिंपल्यात ठेवायचं. पहिल्या खेपेला दाताखाली वाळू आली. पण एक दिवस नीट जमेल. तेव्हा डबा घेऊन काकांच्या दाराशी जाईन, बेल वाजवेन, "मी" म्हणेन, आणि ते आतून "मी म्हणजे कोण?" म्हणाले की काही न सांगता झाकण उघडेन. वासावरून एकशिपीचं नाव त्यांनीच घ्यायचं.